यादीची दवंडी

गावात माणसं किती, असं कुणी विचारलं की श्रीमंत सोनकांबळे आधी दारं मोजायचा. डोळे अर्धे मिटून तो मनातल्या मनात वेशीपासून चालत निघायचा, प्रत्येक दाराशी थांबून आत कोण कोण आहे ते आठवायचा, आणि बौद्धवस्तीतल्या शेवटच्या खोपटापाशी पोचला की आकडा सांगायचा. आकडा सहसा चुकायचा नाही.

खैरदऱ्याचा तो कोतवाल होता. तलाठ्याचे निरोप पोचवायचे, टपाल अहमदपूरच्या तहसील कचेरीत नेऊन द्यायचं, साहेब आले तर चावडी झाडून ठेवायची आणि थाळी वाजवून दवंडी द्यायची, एवढं त्याचं काम. शाळा चौथीपर्यंत. अक्षराला अक्षर जोडत वाचायचा, आणि वाचताना त्याचे ओठ हलायचे.

दीड-दोन वर्षांपूर्वी जिल्हा बदलला तेव्हापासून त्याचं डोकं जरा गडबडलं होतं. चौदा ऑगस्टला तो निजला तेव्हा गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि पंधराला उठला तर लातूरमध्ये. गाव काही जागचं हललं नव्हतं. त्याचा बाप सांगायचा की त्याच्या तरुणपणी हेच गाव बीदरमध्ये होतं. श्रीमंतनं तलाठ्याला एकदा विचारलं होतं, "जिल्हा बदलला म्हंजी आपलं नेमकं काय बदललं?" तलाठी म्हणाला, शिक्का. तेवढ्यावर श्रीमंतचं समाधान झालं नव्हतं, पण पुढं काय विचारावं तेही त्याला सुचलं नाही.

त्यात दोन वर्षं पाऊस हुकला. मन्याड नदीच्या वाळूत खड्डे करून बाया वाटीवाटीनं पाणी भरायला लागल्या. चार कोसांवर माळाला रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा निम्मं गाव तिकडं गेलं. रोज येणंजाणं जमेना म्हणून लोकांनी तिथंच पालं ठोकली. बौद्धवस्ती जवळजवळ सगळी रिकामी झाली आणि कोरडवाहूवाल्या मराठ्यांची काही घरंही. श्रीमंतला गाव सोडता येत नव्हतं. बायको भामाबाई आणि तो, अशी दोघंच वस्तीत उरली.

याच दिवसांत मतदारांची यादी नव्यानं तपासायचा हुकूम आला. काम शाळेवरच्या नरसिंग गुरुजींना लागलं. गुरुजी हदगावकडचे, बदली होऊन गावात नुकतेच आलेले. त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, म्हणून कोतवाल बरोबर.

"या घरात कोण राहते?" गुरुजी विचारायचे.

"गेलेत जी."

"कुठं?"

"तलावावर."

पहिल्या सहा-सात दारांना गुरुजींनी कुठं म्हणून विचारलं. मग ऊन चढलं. पाणी प्यायला एकही घर उघडं दिसेना. पुढंपुढं श्रीमंत दार दाखवून "ह्ये बी गेले" म्हणायचा आणि गुरुजी जुन्या यादीवर लाल रेघ ओढून बाजूला काहीतरी लिहायचे. वस्तीतल्या टोकाच्या खोपटापाशी श्रीमंत म्हणाला, "हितं सरजाबाई हुती, माझी चुलती. म्हातारी. ती बी गेली." गुरुजींनी जीभ टाळूला लावून च्च केलं. श्रीमंतला वाटलं, या वयात म्हातारी टोपलं उचलायला गेली म्हणून मास्तराला वाईट वाटलं असेल. माणूस मऊ दिसतो, असं तो घरी येऊन भामाबाईला म्हणालासुद्धा.

तरी मधेच एकदा त्यानं गुरुजींना सांगितलं होतं. "ही मानसं परत येनार हायत, बरं का."

"येतील तवा येतील. आज जे दिसून राहिलं तेच मी लिहून राहिलो. नियम आहे, माणूस गावात राहणारा पाहिजे."

"राहनारा म्हंजी?"

गुरुजी थांबले. "राहणारा म्हणजे..." त्यांनी जरा विचार केला. "राहणारा."

दोन महिन्यांनी यादी आली. सात पानं होती, चावडीच्या फळ्यावर खिळ्यांनी ठोकलेली. तलाठ्यानं दवंडी सांगितली, की यादी लागली आहे, ज्याची हरकत असेल त्यानं पाहून पंधरा दिवसांच्या आत अर्ज करावा. श्रीमंतनं थाळी वाजवत ती गल्लोगल्ली ओरडून दिली. वस्तीतही दिली. तिथं ती ऐकायला एक कुत्रं होतं.

दवंडी देऊन झाल्यावर तो सहज म्हणून फळ्यापाशी गेला आणि वाचत बसला. त्याला ती सात पानं वाचायला दीड दिवस लागला. वाचता वाचता तो मनातल्या दारांवरून चालत होता, आणि दार येत होतं पण माणूस येत नव्हता. एकसष्ट माणसं कमी भरली. त्याला वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा वेशीपासून निघाला. पुन्हा एकसष्ट.

मग तलाठ्याच्या दप्तरातली जुनी यादी त्यानं काढून पाहिली. लाल रेघांच्या बाजूला गुरुजींनी बारीक अक्षरात 'स्थलांतरित' लिहिलं होतं. नऊ नावांपुढं मात्र दुसराच शब्द होता. सरजाबाई विठोबा सोनकांबळे, वय ६६, मयत. आणि तीन वर्षांपूर्वी विहिरीत पडून वारलेला ज्ञानोबा नव्या यादीत जिवंत होता.

तो तडक शाळेत गेला. गुरुजींनी जुनी यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्हीच म्हणाले ना, ती बी गेली?"

"गेली म्हंजी कामाला गेली, गुरुजी."

"मला काय ठाऊक? म्हातारी गेली म्हटल्यावर माणूस काय समजणार?"

श्रीमंतला गुरुजींचं खरं वाटत होतं आणि आपलंही खोटं वाटत नव्हतं. एकसष्ट माणसं आपल्या तोंडून गेली की त्यांच्या लेखणीतून, हे त्याला ठरवता येईना.

सरपंच व्यंकटराव ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "यादी सरकारची, तू बी सरकारचा," ते म्हणाले. "कोतवालानं यादीत तोंड घालू नये." तलावावर गेलेल्या लोकांनी मागच्या खेपेला व्यंकटरावांना मत दिलं नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं. पण ते या यादीवर खूश होते की नव्हते, हे श्रीमंतला त्यांच्या तोंडावरून वाचता आलं नाही. पाठीमागून ते एवढंच म्हणाले, "ज्ञानोबा हाय म्हंतोस यादीत?" आणि कातरायचे थांबले. ज्ञानोबा त्यांच्या भावकीतला होता.

अहमदपूरला टपाल घेऊन गेला तेव्हा त्यानं कचेरीतल्या कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, एकेकाचा वेगळा अर्ज लागतो.

"मयत लिव्हलेल्याचा अर्ज कुनी करायचा?"

"मयताला अर्ज करता येत नाही."

"पर ती जिती हाय, साहेब."

"मग ती स्वतः हजर झाली पाहिजे."

"आनतो की."

कारकुनानं पेन कानावर ठेवलं. "आणशील. पण ती तीच आहे हे कशावरून?" मग त्यालाही ते विचित्र वाटलं असावं, कारण तो आवाज खाली करून म्हणाला, "तुमच्या गावचं जुनं दप्तर अजून उस्मानाबादेहून पुरतं आलेलं नाही. थोडं थांब."

किती थांबायचं, हे विचारायचं श्रीमंतच्या ध्यानात येईपर्यंत तो बसस्टँडवर पोचला होता. पंधरातले सहा दिवस संपले होते.

संध्याकाळी त्यानं हे सगळं भामाबाईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती.

"दवंडी कुनाला दिली तुम्ही?"

"गावाला."

"गाव हाय का गावात? मानसं तिकडं, आन तुमी वरडून ऱ्हायलाव हिकडं."

सकाळी उठून श्रीमंत चावडीवर गेला, खिळे उपटून सातही पानं काढली, धुतल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि थाळी काखेत मारून चार कोस चालत निघाला. पानं काढताना आपण काय करतोय, हे त्याला पुरतं कळत होतं असं म्हणता येणार नाही. हुकूम दवंडीचा होता आणि दवंडी अजून पोचली नव्हती, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तलावावर दुपारची सुट्टी झाली होती. लोक मातीच्या ढिगाच्या सावलीला भाकरी सोडून बसले होते. श्रीमंतनं थाळी वाजवली आणि ठरलेल्या चालीत ओरडला, की यादी लागली आहे, ज्याची हरकत असेल त्यानं पाहून अर्ज करावा.

सरजाबाई पुढंच बसली होती. उन्हानं काळी ठिक्कर पडलेली, हातातली भाकरी तशीच. "बघावं म्हंतूस, श्रीमंता," ती म्हणाली. "आमाला बघून काय कळतंय? काळं पांढरं दिसंल. वाच की."

म्हणून तो वाचायला लागला. नाव घ्यायचा आणि थांबायचा. ज्याचं नाव तो "हाय" म्हणायचा. पाचसहा नावं झाल्यावर लोकांना गंमत वाटायला लागली, मग हळूहळू गंमत ओसरली, कारण तिथं बसलेल्यांपैकी फारच थोड्यांना "हाय" म्हणायला मिळत होतं. यादी गावात राहिलेल्यांचीच होती. भुकेल्या पंगतीत वाढपी पुढून निघून जावा तसे लोक त्याच्याकडं बघायला लागले.

"माझं?" सरजाबाईनं विचारलं.

श्रीमंतनं पान खाली केलं. "काकू, तू मेलीस म्हनून लिव्हलंय."

"कवा?"

"माघात."

दोघंचौघं हसले. ती हसली नाही. "कुनी सांगितलं त्यायला?"

"मीच सांगितलं," श्रीमंत म्हणाला. "म्हंजी, तसं न्हाई सांगितलं. पर मीच सांगितलं."

सरजाबाईनं हातातला भाकरीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवून म्हणाली, "खा. चालून आलास. आन मग मला परत जिती कर."

पानाच्या कोऱ्या पाठीवर त्यानं पेन्सिलीनं राहिलेल्यांची नावं लिहायला घेतली, आणि तिथं नवाच घोळ सुरू झाला. अर्ध्या बायांना गावानं कधी नावानं हाक मारलेलीच नव्हती. अमक्याची माय, तमक्याची सून. नवऱ्याचं नाव घ्यायला त्या लाजत, ते शेजारणीनं सांगायचं. एक तरणी सून म्हणाली, "माहेरचं नाव सिंधु, सासरचं पार्वती. कोन्तं लिव्हता?"

"तुला काय म्हंत्यात?"

"हितं पार्वती. पर मला मी सिंधु वाटते."

श्रीमंतनं पेन्सिल तोंडात धरून विचार केला. मत देताना माणूस सासरचं असतं की माहेरचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं दोन्ही नावं लिहिली.

नावं लिहून झाल्यावर त्यानं यादीतली वाचायची राहिलेली नावं वाचली. त्यात ज्ञानोबाचं नाव आलं. मग मागून त्याची बायको लक्ष्मीबाई उठून पुढं आली. पदर नीट केला. "त्यांचं नाव हाय?"

"हाय, अक्का. चुकून ऱ्हायलंय. मी खोडायला सांगतो."

"राहू द्या की."

"मेलेल्या मानसाचं नाव..."

"कुठंतरी हाय म्हनून लिव्हलंय," ती म्हणाली. "तिथं तरी राहू द्या."

जित्याला मेला लिहिलं तर चूक, हे त्याला कळत होतं. मेल्याला जिता लिहिलं तर तीही चूक, हेही कळत होतं. पण ती समोर उभी असताना दुसरी चूक त्याला तेवढी चूक वाटेना. त्यानं नावापुढं खूण केली, मग बोटानं पुसली, मग तिथं नुसता एक डाग राहिला.

चौथ्या दिवशी अहमदपूरहून बोलावणं आलं. चावडीवरचा सरकारी कागद कोतवालानं उपटून नेला, अशी तक्रार गेली होती. कुणी केली ते कागदावर नव्हतं. भामाबाईनं त्याला धुतलेला सदरा दिला. नोकरी गेली तर तलावावर दोन टोपली मिळतील, असं ती म्हणाली, आणि ते धीर द्यायला म्हणाली की खरंच म्हणाली, यावर तो अख्ख्या वाटेत विचार करत राहिला.

नायब तहसीलदार चन्नबसप्पा हे निलंग्याकडचे, कानडी वळणाचं मराठी बोलणारे, मोठ्या पोटाचे आणि कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी त्याला उभं ठेवलं.

"यादी कुणाच्या हुकमानं वाचली?"

"साहेब, दवंडीचा हुकूम हुता."

"दवंडीचा होता. वाचायचा नव्हता."

"दवंडी म्हंजी वरडून सांगनं," श्रीमंत म्हणाला. "मी यादीच वरडलो."

साहेबांनी हात पुढं केला. श्रीमंतनं फडकं सोडून पानं दिली. ते पाठपोट बघत राहिले. सिंधु ऊर्फ पार्वती. सरजाबाई, जिती, समक्ष पाहिली. डागापाशी ते थांबले आणि हे काय म्हणून विचारलं. श्रीमंतनं लक्ष्मीबाईचं सांगितलं. साहेब नुसतं "जा" म्हणाले. जा म्हणजे गावी जा की कायमचा जा, हे बाहेर येऊन त्यानं शिपायाला विचारलं. शिपायालाही ठाऊक नव्हतं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी साहेबांची जीप गावात न येता थेट तलावावर गेली. बरोबर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा, गुरुजी आणि तलाठी. गुरुजी दिवसभर मान खाली घालून अर्ज भरत होते, आणि प्रत्येकाला दोनदोनदा विचारत होते, "तुम्ही गेलेले नाही ना? म्हणजे, आहात ना?" श्रीमंत नाव पुकारत होता. सरजाबाईनं अंगठा उठवताना साहेबांना विचारलं, "आता झाले का मी?" साहेब म्हणाले, "झाली, अज्जी."

ज्ञानोबाचं नाव मात्र त्यांनी खोडायला लावलं. लक्ष्मीबाई उभी होती. "ठेवता येत नाही, बाई," ते म्हणाले. मग त्यांनी यादी तिच्याकडं वळवली आणि तिच्याच नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुमचं नाव. आणि पुढं हे बघा, पतीचं नाव. इथं ज्ञानोबा आहे. हे कुणी खोडणार नाही." तिला वाचता येत नव्हतं. तिनं श्रीमंतकडं पाहिलं. त्यानं अक्षर अक्षर वाचून दाखवलं. ती पुन्हा म्हणाली, वाचा. त्यानं पुन्हा वाचलं.

एकसष्टांपैकी अठ्ठावन्न नावं परत लागली. तिघं पुण्याकडं निघून गेले होते, म्हणजे खरोखरच गेले होते.

मतदानाच्या दिवशी तलावावरचे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले. सिंधु ऊर्फ पार्वतीला तिथल्या साहेबानं यापैकी कोणती म्हणून विचारलं, आणि ती म्हणाली, दोघी. पण मत एकच दिलं. निवडून जो यायचा तोच आला. व्यंकटराव त्याच्या मिरवणुकीत पुढं होते. तलाव अर्धाच राहिला. एवढ्या धडपडीनं काय झालं, असं श्रीमंतनं स्वतःलाच विचारून पाहिलं. पण सरजाबाई बोटावरची शाई चार दिवस जपत होती, भांडी घासताना ते बोट वर धरत होती, हे त्यानं पाहिलं.

मग एक दिवस गुरुजी एक कागद घेऊन त्याच्या दारात आले. कागद कचेरीचा आहे म्हटल्यावर श्रीमंत उभाच राहिला. त्याला वाटलं, जुनी तक्रार निघाली. गुरुजींनी वाचून दाखवलं, की यापुढं तालुक्यातल्या प्रत्येक गावी मतदार यादी नुसती फळ्यावर न लावता आधी चावडीवर आणि कामावर गेलेल्यांच्या ठिकाणी मोठ्यानं वाचावी, आणि कोणतंही नाव खोडताना कारण घरच्या माणसाला विचारून लिहावं.

"यात माझं नाव हाय का?"

"नाही."

"मग बरं," श्रीमंत म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "नसनं बरं का, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, मलाही सांगता येऊन नाही राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात भामाबाईचा भाऊ भुजंग आला. त्याचं गाव मन्याडच्या पलीकडं, लोह्याच्या बाजूला. तिकडंही दुष्काळ, तिकडंही यादी, आणि वस्तीतली निम्मी नावं गायब. "तुम्ही येऊन वाचा, दाजी," तो म्हणाला.

"तुमचा जिल्हा नांदेड. माझा लातूर."

"मग?"

लातूरच्या कोतवालाला नांदेडात ओरडता येतं का, हे श्रीमंतनं तलाठ्याला विचारलं. तलाठी म्हणाला, येत नसावं. गुरुजी म्हणाले, नियम पाहिला पाहिजे. नियम कुणापाशी नव्हता. श्रीमंत दोन दिवस घोळत राहिला. तिसऱ्या दिवशी सरकारी थाळी त्यानं घरी ठेवली, भामाबाईची जेवायची थाळी घेतली आणि मेहुण्याबरोबर निघाला. नदीत पाणी नव्हतंच. मधोमध, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, तो जरा थांबला, आणि इकडच्या वाळूत आणि तिकडच्या वाळूत काही फरक आहे का ते त्यानं पाहिलं.

भुजंगच्या गावात चावडीपुढं माणसं जमली होती. सगळी अनोळखी. इथली दारं त्याला पाठ नव्हती, कोण कोणाचं ते माहीत नव्हतं. त्यानं थाळी वाजवली, यादी डोळ्यांजवळ धरली आणि पहिलं नाव वाचलं. कुणी बोललं नाही. त्यानं तेच नाव पुन्हा घेतलं, या खेपेला जरा मोठ्यानं.